उद्धवरावांनी पाहिलेला जंतू

सूक्ष्मदर्शक यंत्रानं माणसाचा अहंकार उतरवला, अदृश्य विश्वाचं दार त्याच्यासाठी उघडलं आणि आपल्या प्रत्येक श्वासात कोट्यवधी जीव नांदतात याची नम्र जाणीव त्याला करून दिली. कानडी सीमाभागात, नौबादच्या पुढं माळावर जे कॉलेज आहे, तिथं हे दार लोखंडी कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली गुरप्पाच्या करदोट्याला होती.

गुरप्पा हा प्रयोगशाळेचा शिपाई. सूक्ष्मदर्शकं तशी टेबलागणिक होती, पण त्यातून फार तर कांद्याची साल दिसे. जंतू बघायचा तर शंभरची लेन्स लागते आणि ती चालू अवस्थेत एकाच यंत्राला होती. त्याला सगळे 'मोठा' म्हणत. मोठा तपासणीच्या कमिटीपुढं बाहेर यायचा, कमिटी चहा प्यायली की आत जायचा. पोरांना तो का देत नाही, असं कुणी विचारलं तर गुरप्पा म्हणायचा, "पोरं हात लावतेत की वो त्याला."

विषयाचं नाव होतं 'सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख'. ओळख वर्षभर चालली, भेट झाली नाही.

दीपमाला रोज भालकीहून बसनं यायची. दहावीपर्यंत तिचं शिक्षण मराठीत झालेलं. नंतर कानडी आणि इंग्रजी ज्या प्रमाणात वाट्याला येईल त्या प्रमाणात. वर्गावर सुधारानी मॅडम होत्या. त्या अतिथी प्राध्यापिका, म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमायच्या आणि दर वर्षी सुट्टीत विसरायच्या. परीक्षा रखडत गेल्यानं कॉलेजचं वर्ष दिवाळीला सुरू होऊन दिवाळीला संपायचं. त्या पुस्तकातले जंतू फळ्यावर काढत, पोरं फळ्यावरचे वहीत उतरवत. एका जातीचे जंतू जांभळे रंगतात, दुसऱ्या जातीचे गुलाबी. दीपमालाची जांभळी पेन्सिल बोटभर उरली होती. तिच्या जर्नलवर मॅडमनी पानोपानी 'गुड' लिहिलं होतं. जंतू मात्र तिनं एकही पाहिला नव्हता. मॅडमनीही शेवटचा कधी पाहिला, हे विचारण्याइतकं कुणी उद्धट नव्हतं.

एवढ्यावर एखाद्या शहाण्या मुलीनं विषय सोडून दिला असता. दीपमालाला तो आवडून बसला. बसच्या दांड्याला हात लावताना, दुधावरची साय बोटानं काढताना, नागीण झालेल्या मावशीला भेटायला गेल्यावर, तिला सारखं वाटायचं की इथं गर्दी आहे आणि आपल्याला एकटीलाच ठाऊक आहे. ती गर्दी एकदा डोळ्यांनी बघावी, बाकी काही नको, असं तिला फार वाटे. मॅडमनी सांगितलं होतं, की कलबुर्गीला एका कॉलेजात याच विषयाची पूर्ण डिग्री आहे, दुसऱ्या वर्षाला बदली घेता येते आणि तिथं म्हणे ज्याला त्याला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक मिळतं. मॅडमनी हे ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. पण या विषयात त्याची सवयच होती.

कलबुर्गीला जायचं तर अप्पांना विचारणं आलं. अप्पा, म्हणजे उद्धवराव, यांचं भालकीच्या बाजारात अडतीचं दुकान. तूर, उडीद, सोयाबीन. पोत्यात बंबू, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, त्यावर फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि मग भाव बोलायचा, अशी त्यांची उभी हयात गेलेली. त्या मूठभराला वानगी म्हणतात. वानगी बघितल्याशिवाय उद्धवरावांनी माल घेतला नव्हता. बायकोसुद्धा त्यांनी दोनदा बघून केली, असं गीताबाई अजून ऐकवत.

"वर्षभर काय शिकलीस गं?" त्यांनी जेवताना विचारलं.

"जंतू."

"बघितलीस का?"

"चित्रं काढली अप्पा. सगळ्यात गुड हाय मला."

"चित्र तर दुकानातल्या कॅलेंडरवर लक्ष्मीचं बी हाय. म्हणून ती आली का कदी?"

"लई बारीक असतेत अप्पा. नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाईत."

"दिसत न्हाई. वास न्हाई. वजन न्हाई." उद्धवरावांनी तीन बोटं मिटली. "आन त्याच्यासाठी कलबुर्गीला खोली करून ऱ्हायलीस तर लोक मला काय म्हणतील? उद्धवरावाची पोरगी काय करायलीय? तर नसलेलं बघायलीय."

"हायत की पण ते!"

"हायत तर वानगी दाखव. एक जंतू. जित्ता. माझ्या डोळ्याला दिसला की जा तू. मी सोता तुझी पेटी बशीत चढवतो."

"आन न्हाई दिसला तर?" गीताबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं. त्यांना दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय होती.

"तर उदगीरच्या पावण्यांना होकार कळवायचा. किती दिवस थांबतील ते?"

उदगीरच्या मुलाचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. मुलगा निर्व्यसनी होता. त्याच्याविषयी यापलीकडं कुणालाच काही सांगता येत नव्हतं, म्हणून स्थळ चांगलं होतं.

जंतूला जांभळा रंग चढवायचा तर आधी काच ज्योतीवरून फिरवून त्याला मारावं लागतं, हे दीपमाला बोलली नाही. मेलेला का होईना, दिसला म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि ती, दोघी मिळून गुरप्पाकडं गेल्या. गुरप्पा बाकावर बसून पान जमवत होता.

"मामा, अर्धा तास मोठा काढा की. माझ्या अप्पांना दाखवायचंय."

"कमिटी यायलीय का?"

"न्हाई."

"मग न्हाई निघत." त्यानं चुना लावला. मग तिच्या तोंडाकडं बघून त्याला दया आली. गुरप्पा माणूस वाईट नव्हता. गोष्टीत असा एखादा वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "असं करा अक्का. आयुधपूजेला मी सगळंच बाहेर काढतो. मोठा बी काढतो. त्या दिवशी आणा वडलांना. प्रसाद बी घेतील, जंतू बी बघतील."

आमच्याकडं महानवमीला ज्याच्या जिवावर पोट चालतं त्याची पूजा होते. डेपोत बसला हार पडतो, बाजारात तराजूला, शिंप्याकडं मशीनला, बँकेत कॉम्प्युटरला. कॉलेजच्या प्रयोगशाळेवर कुणाचं पोट चालत असेल तर ते गुरप्पाचं, त्यामुळं तिथली पूजा तो मनापासून करायचा. आदल्या दिवशी झाडलोट, त्या दिवशी फुलं, विभूती, नैवेद्य. उद्धवरावांनाही ती तारीख पटली. चांगल्या दिवशी सौदा बघावा.

आदल्या दिवशी दीपमालानं घरचं दही छोट्या डब्यातून नेलं. मॅडमनी आणि तिनं काचेच्या पट्टीवर दह्याचा थेंब पसरला, सुकवला, ज्योतीवरून फिरवला, जांभळा रंग ओतला, धुतला. पट्टीवर एक फिकट जांभळा डाग उमटला. मॅडम तिच्याकडं बघून हसल्या. वर्षभरात एवढं एकच काम वहीबाहेर झालं होतं. "नाळे नोडोण," त्या म्हणाल्या. उद्या बघू. त्यांना कदाचित दीपमालापेक्षाही जास्त उत्सुकता होती.

पूजेच्या दिवशी दीपमाला पहिल्या बसनं गेली. प्रयोगशाळेच्या दारात चपलांचा ढीग होता. उंबऱ्यावर कोहळा फोडून त्यात कुंकू ओतलेलं. पुस्तकात पहिल्याच धड्यात लिहिलंय, की या खोलीत अनवाणी येऊ नये आणि काही खाऊ नये. आत सगळे अनवाणी उभे राहून शिरा खात होते. जंतू उबवायच्या पेटीला झेंडूची माळ होती. आणि मधोमध, पाटावर, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट लावून मोठा बसवला होता. तो असा चमकत होता, की दीपमालानं तिथूनच हाक मारली.

"मामा, कशानं पुसलात हो?"

"पुसलो न्हाई अक्का, घासलो!" गुरप्पा हात पुशीत पुढं आला. त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते, चेहऱ्यावर समाधान होतं. "चिंच लावलो, राख लावलो, समई घासतो तसा घासलो. आन त्या खालच्या काचेवर तेलाचा चिकटा बसला होता की वो! जातच नव्हता. नारळाच्या काथ्यानं काढलो."

ती खालची काच म्हणजे शंभरची लेन्स. दीपमालानं वाकून बघितलं. लेन्सवरही तीन बारीक पट्टे ओढलेले होते आणि वर नळीच्या काठालाही विभूती फासलेली होती.

"विभूती काचेला कामून लावलात?"

"मग कुठं लावू?" गुरप्पाला प्रश्नच कळला नाही. "मोटारीला दिव्याला लावतेत. तराजूला पारड्याला लावतेत. ह्याचं सगळं काम डोळ्याचं. ह्याला डोळ्यालाच लावायची."

त्याच्या म्हणण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मॅडमनी ओढणीच्या टोकानं लेन्सवरची विभूती पुसली, शंभरच्या लेन्सला लागतो तो तेलाचा थेंब टाकून पट्टी खाली सरकवली, डोळा लावला. बराच वेळ त्या वर झाल्या नाहीत. मग त्यांनी जागा करून दिली आणि खिडकीकडं तोंड केलं. दीपमालानं डोळा लावला. आत ताक होतं. म्हणजे ताकासारखं पांढरं, दाट धुकं, आणि त्यावर आडव्या उभ्या ओरखड्यांचं जाळं. तिनं स्क्रू वर केला, खाली केला. आरसा फिरवला. दिवा जवळ आणला. धुकं होतं तसंच राहिलं. जांभळा ठिपका कुठंच नव्हता. जंतू तिथंच होते, लाखांनी होते, केसाएवढ्या अंतरावर होते. ती वर झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ते धुपानं भरले असावेत असं समजून कुणीतरी खिडकी उघडली.

मॅडमनी गुरप्पाला बोलायला हवं होतं. पण गुरप्पा कायम होता. प्राचार्य या कॉलेजात शिकायला होते तेव्हापासून होता. मॅडमची नेमणूक पुढच्या महिन्यात नव्यानं व्हायची होती. मॅडम म्हणाल्या, "गुरप्पा, छान चमकतोय."

"कष्ट केलो की," गुरप्पा म्हणाला.

इतक्यात उद्धवराव आलेच. धुतलेला सदरा, हातात नारळ. चपला काढून, नारळ फोडून, त्यांनी मोठ्याला मनोभावे हात जोडले आणि मग व्यापाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "हं. दाखव वानगी."

"अप्पा, आज जरा…"

"जरा काय? दिवस चांगला हाय. सरक." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळा एकदम नळीला टेकवला, पोत्यात बंबू खुपसावा तसा.

दीपमालाला आता उदगीर दिसायला लागलं. मोबाइलची कव्हरं दिसायला लागली.

"पांढरंफेक हाय सगळं," उद्धवराव म्हणाले.

"व्हय अप्पा."

"थांब." ते आणखी वाकले. "काळं काळं हाय काईतरी. लांबट. काड्यावानी."

दीपमाला थबकली.

"एक न्हाई, पाच-सहा हायत! ओळीनं." उद्धवरावांनी नळी हातानं धरली. "अगं, हालायलेत की गं! जित्ते हायत! ह्ये बघ, पळाले. ह्ये बघ, आले परत."

पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. नवखा माणूस नळीला डोळा चिकटवतो, आणि त्याला काळ्या, वाकड्या, हलत्या काड्या दिसतात. त्या त्याच्याच पापण्या. डोळा मिटला की त्या पळतात, उघडला की येतात. तेव्हा वर्ग हसला होता.

दीपमालानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी पंख्याकडं बघितलं.

"हेच का गं जंतू?" उद्धवरावांनी डोळा न काढता विचारलं.

आयुष्यात काही प्रश्नांना विचार करायला सवड मिळते. हा त्यातला नव्हता.

"व्हय अप्पा," दीपमाला म्हणाली.

उद्धवराव वर झाले. त्यांच्या डोळ्याभोवती विभूतीचं पांढरं कडं उमटलं होतं. गुरप्पानं शिऱ्याचा द्रोण पुढं केला. उद्धवरावांनी द्रोणाकडं बघितलं, आपल्या हाताकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रसादाला नको म्हणाले.

बसमध्ये ते दांड्याला न धरता उभे राहिले. वळणावर दोनदा पडता पडता वाचले, पण धरलं नाही. दीपमालाला वाटलं, अप्पा विचारात आहेत, कलबुर्गीच्या खोलीचा हिशेब मांडत असतील. भालकीच्या स्टँडवर त्यांनी एकच प्रश्न केला.

"ते कशातले होते?"

"दह्यातले."

"कुणाच्या दह्यातले?"

"आपल्याच की अप्पा. घरनंच नेलते."

घरी येऊन उद्धवरावांनी दह्याचं गाडगं उचललं आणि परसात उपडं केलं. गीताबाईंनी आरडाओरडा केला. विरजण त्यांच्या सासूच्या हातचं, वर्षानुवर्षं मोडलं नव्हतं.

"येडं लागलं का तुमाला?"

"तू बघितली न्हाईस गीते. मी बघितलो. असे, काळे. ओळीनं बसलेत. आपुन बघायलोत म्हणून त्यांना कळतंय. पळतेत!"

"दीपे, खरं का गं?"

दीपमालानं दह्यातले जंतू निरुपद्रवी असतात, उपकारकच असतात, त्यांच्याशिवाय दही लागत नाही, असा पूर्ण धडा म्हणून दाखवला. उद्धवरावांनी तो गिऱ्हाइकाच्या तक्रारीसारखा ऐकून घेतला.

"ते ऱ्हाऊ दे. कलबुर्गी न्हाई."

"कामून? तुमीच म्हणला होतात! दिसला की जा म्हणला होतात!"

"म्हणलो होतो. दिसला म्हणून तर न्हाई." उद्धवराव खाटेवर टेकले, त्यांचा आवाज रागाचा नव्हता, काळजीचा होता, म्हणून जास्त वाईट होता. "वानगी कशाला बघतेत गं? माल घ्यायलाच बघतेत का? कीड दिसली तर गाडी परत लावतेत. मला वाटलं हुतं काई नसतंय त्यात. नुसतं पुस्तकातलं हाय, तर शिकू दे बापडी, असं मनात धरूनच गेलतो मी, खरं सांगतो. नसतं दिसलं तरी एकांद्या वेळेस पाठवलो असतो. पण असल्या जित्त्या किड्यात माझी पोरगी रोज हात घालणार? मेलीस तर?"

दीपमाला तिथंच बसली. खरं सांगावं तर दाखवला तो जंतू नव्हता, म्हणजे अट हुकली, 'एकांद्या वेळेस'वर भरवसा नाही, उदगीर. सांगू नये तर जंतू आहे, म्हणजे कलबुर्गी नाही, उदगीरच. तिनं दोन्हीकडून हिशेब करून बघितला आणि शेवटी, काही फरक पडत नाही तर खरं तरी सांगावं, असं ठरवलं.

"अप्पा, ते जंतू नव्हते. तुमच्या पापण्या होत्या."

उद्धवराव प्रेमानं हसले.

"जाण्यासाठी काय बी बोलायलीस आता."

"आईची शपथ अप्पा. लेन्स खराब झाली होती. गुरप्पानं राखेनं घासली होती. त्यातनं काईच दिसत नव्हतं. सगळ्यांनाच पापण्या दिसतेत, मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मॅडमना इचारा पाहिजे तर."

"तुझ्या मॅडम तिथंच हुत्या की. त्या कामून बोलल्या न्हाईत?"

याला उत्तर होतं, पण ते नेमणुकीचं उत्तर होतं, आणि भालकीच्या ओसरीत बसून समजावण्यासारखं नव्हतं.

"मी माझ्या डोळ्यानं बघितलो, दीपे," उद्धवराव म्हणाले. "तू बघितलीस का?"

"न्हाई."

"एकदा तरी?"

"न्हाई अप्पा."

"मग?"

वर्षभराच्या अभ्यासात या प्रश्नाची तयारी कुणी करून घेतली नव्हती.

पुढच्या आठवड्यापासून भालकीच्या बाजारात उद्धवरावांचं वजन वाढलं. जंतू प्रत्यक्ष पाहिलेला पेठेत तो एकच माणूस. लोक दुकानात येऊन ताप, खरूज, जुलाब सांगायचे आणि उद्धवराव गल्ल्यावर बसून दोन बोटांनी आकार दाखवायचे. दिवाळीपर्यंत त्या काड्यांना पाय फुटले. तिकडं नौबादला लेन्स दुरुस्तीला हैदराबादला धाडायचं ठरलं, त्यासाठी कोटेशन मागवलं गेलं, आणि मोठा तोवर कपाटात गेला. सुधारानी मॅडमची नेमणूक झाली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी 'जे दिसलं ते काढा' असं सांगितलं. दीपमालानं उरलेल्या बोटभर पेन्सिलीनं पुस्तकातलं काढलं आणि वर्गात पहिली आली.

बदलीच्या अर्जाची मुदत दिवाळीच्या सुट्टीत संपली. उदगीरची माणसं तुळशीच्या लग्नानंतर सुपारी फोडायला आली. चहाबरोबर उद्धवरावांनी त्यांना जंतू सांगितला. मुलानं चहाचा कप खाली ठेवला, रुमालानं हात पुसले आणि मुलगी पसंत असल्याचं पुन्हा सांगितलं.

कलबुर्गीच्या त्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग त्या वर्षी निघाला नाही. वर्ग काढायला निदान दहा अर्ज लागत होते. आले तीन.